भिंगाखालची लेस

सुनेनं मला भिंग आणून दिलं त्या दिवशी मी रागानं एक पोळी कमी खाल्ली.

सून म्हणजे अपेक्षा, माझ्या नितेशची बायको. तिनं चष्म्याच्या दुकानातून आणलेला खोका माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतःच उघडून दाखवला. आत बशीएवढं गोल भिंग आणि त्याला काळी दोरी. दोरी गळ्यात घालायची, भिंगाचा पाय छातीवर टेकवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कडेला सेलवर लागणारे दोन बारके दिवेसुद्धा होते.

"आई, क्रोशा विनतांना लावत जा," ती म्हणाली. "दोरा लय बारीक हाये. डोळ्याले तान पडते."

"माह्या डोळ्याची काळजी तुले कवापासून लागली?" मी म्हटलं. "भिंग घड्याळजीले लागते. मी का घड्याळं खोलून राहिली?"

 ती माझ्यापुढे फारसं बोलत नसे. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी तो खोका कपाटात, गोधड्यांच्या मागे सारून दिला.

मी कौशल्या तायडे. दर्यापूरच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिवणकाम शिकवलं. शिवण, भरतकाम सगळंच शिकवायची, पण माझा जीव क्रोशाच्या लेसमध्ये. एक बारीक आकड्याची सुई, एक दोरा, आणि बाकी सगळं बोटांत. मुलीची लेस चुकली की मी ओरडायची नाही. चुकलेल्या टाक्याला लाल दोरा बांधून लेस परत द्यायची. लाल दोरा दिसला की मुलीनं तिथपर्यंत सगळं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. क्रोशाचं असंच असतं. खालच्या ओळीत एक खांब, म्हणजे एक उभा टाका, कमी पडला तर वरून ठिगळ लावता येत नाही. मुली माझ्या मागे मला 'लालदोऱ्या बाई' म्हणायच्या. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

माझं माहेर वलगावचं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लग्नात नवरीला पांढरी साडी असते, आणि आमच्या घरात त्या साडीच्या पदराला घरच्याच बाईनं विणलेली पांढरी लेस लावतात. हे माझ्या आईनं सुरू केलं आणि तिच्यानंतर माझ्याकडे आलं. जी लेस विणते तिचा एक मान असतो. वंदनेला उभं राहण्याआधी नवरीच्या खांद्यावर पदर तिनं आपल्या हातानं टाचायचा. मी असे अकरा पदर टाचले आहेत. अपेक्षाचाही मीच टाचला होता, सहा वर्षांपूर्वी. आता घरातली शेवटची मुलगी राहिली होती, माझ्या भावाची पिंकी. तिचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. नऊ वीत लेस लागणार होती, चार बोटं रुंद, साठ नंबरच्या दोऱ्याची. साठ नंबरचा दोरा म्हणजे केसापेक्षा थोडा जाड म्हणा.

आणि माझे डोळे गेले होते.

अगदी गेले नव्हते. भाजीतला खडा दिसायचा, बसवरची पाटी दिसायची. पण दोन वर्षांपूर्वी अमरावतीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आतला पडदा कमजोर झालाय, चष्म्याचा नंबर वाढवून काही व्हायचं नाही, बारीक काम करायचं तर भिंग वापरा. त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं. मी तो कागद चौघडी करून गादीखाली ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. टाके मला दिसत नव्हते, धुकं दिसायचं. पण पन्नास वर्षं एकच काम केलेल्या बोटांना डोळ्यांची काय गरज, असं मी स्वतःला समजावलं. आणि गंमत म्हणजे ते खरं ठरत होतं. दोन वर्षांत मी चार टेबलरुमाल विणले, कोणाच्या बाळाचं टोपडं विणलं. एकही वाकडं पडलं नाही. बायका उलटून पालटून पाहायच्या आणि म्हणायच्या, "बाई, या वयात काय हात हाये तुमचा!" मी मान खाली घालून हसायची. मनातून मात्र फुगायची.

नितेशचे बाबा गेल्यापासून माझा दिवस ठरलेला होता. सकाळचं आटोपलं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, मांडीवर गडद निळं कापड पसरायचं, म्हणजे पांढरा दोरा उठून दिसतो, आणि एकपर्यंत विणायचं. मग शेवटच्या टाक्याला सेफ्टी पिन अडकवून लेस बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवायची, जेवायचं आणि चारपर्यंत झोपायचं. झोपेच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही. कुंभकर्ण परवडला, असं नितेश म्हणतो.

खुर्चीच्या समोर कपाट आहे, आणि कपाटाला उभा आरसा. अपेक्षा भाजी निवडायला नेमकी त्या आरशापुढे बसायची. माझ्याकडे पाठ, आरशाकडे तोंड. मेथीची जुडी निवडायला हिला एक तास लागायचा, कारण बाईसाहेबांची नजर सारखी आरशात.

"अपेक्षा, आरसा झिजून जाईन," मी म्हणायची.

ती लाजून खाली पाहायची आणि थोड्या वेळानं पुन्हा आरशात. स्वतःचं तोंड माणसानं किती पाहावं!

अजून एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती लपवली तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. अपेक्षा डावरी आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती माझ्या शेजारी येऊन बसली होती. "आई, मलेही शिकवा ना लेस." मी सुई दिली. तिनं ती डाव्या हातात धरली. मी सुई काढून घेतली.

"डाव्या हातानं क्रोशा होत नाई. उलटा पडते," मी म्हटलं. "हात बदल, नाईतर सोड."

तिनं दोन दिवस उजव्या हातानं धडपड केली आणि सोडलं. शाळेतल्या डावऱ्या मुलींनाही मी हेच सांगत आले होते. घरातही तसंच. शुभ-अशुभ आम्ही मानत नाही, असं मी वर्गात ठणकावून सांगायची. पण पाहुण्यांना वाढताना अपेक्षाच्या डाव्या हातात पळी दिसली की मी नुसतं "अपेक्षा" म्हणायची. एवढ्यानं ती पळी उजव्या हातात घ्यायची. पुढे पुढे तर मला म्हणावंही लागत नसे.

मार्चअखेर नितेशची बदली अमरावतीहून अकोल्याला झाली. ते भिंग अपेक्षानं आणलं ते जायच्या दोन दिवस आधी. दोघांनी मला सोबत चला म्हणून गळ घातली. मी म्हटलं, पिंकीची लेस होईस्तोवर मी या खुर्चीतून हलत नाही, लग्नानंतर बघू. तोवर सहा वीत लेस झाली होती. तीन राहिली होती. माझ्या हिशेबानं आरामात झाली असती.

निघताना अपेक्षानं पुन्हा विचारलं, "आई, भिंग लावसान ना?"

"तुही बस चुकीन," मी म्हटलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी एकटी होते. रोज तीच खुर्ची, तेच निळं कापड. बोटं चालत होती. दोन वीत झाली. मी स्वतःवर खूश होते.

मग एका सकाळी पिंकी वलगावहून आली. साडी घेऊन आली होती, पदराला लेस लावून कशी दिसते ते पाहायला. तिनं पलंगावर साडी पसरली, डब्यातून लेस काढली आणि पदराच्या काठानं ठेवत गेली. सहा वीत अगदी पट्टी ठेवावी तशी सरळ पडली. पुढच्या दोन वितींना मात्र लेस विळ्यासारखी वळली. पिंकीनं हातानं सरळ केली. सोडली की पुन्हा वळली.

"आत्या वो, हे वाकडं काहून पडून राहिलं?"

"दोरा ताणला असन," मी म्हटलं.

"इस्त्री फिरवली का होईन सरळ," ती म्हणाली. पोरगी गुणाची. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, त्यावरूनच मला कळलं की इस्त्रीनं हे सरळ होणार नाही हे तिलाही कळलंय. चहा पिऊन ती गेली. लग्नाला सोळा दिवस राहिले होते.

मी दाराला कडी लावली. का लावली ते मला माहीत नाही, घरात येणार कोण होतं? गोधड्यांमागून खोका काढला. भिंग गळ्यात घातलं, दिवे लावले, लेस निळ्या कापडावर ठेवली. आधी डोकं गरगरलं. भिंग थोडं पुढे, थोडं मागे करत करत एका ठिकाणी सगळं एकदम स्वच्छ झालं. पहिल्यांदा दिसलं ते माझं बोट. त्यावरच्या सुरकुत्या, नखाची चीर. आणि मग टाके.

दोन वर्षांनी मी माझे टाके पाहत होते. जिथं आठ खांब पाहिजेत तिथं सात. पुढच्या ओळीत सहा. एका ठिकाणी सुई टाक्याखालून न जाता दोऱ्याच्याच पोटातून गेलेली, दोरा चिरून त्याची पिसं निघालेली. शाळेत पाचवीच्या मुलीनं असं आणलं असतं तर मी तिला पहिल्या ओळीपासून उसवायला लावलं असतं. मी भिंग काढलं, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा लावलं. चुका तिथंच होत्या.

तीन आठवड्यांत डोळे इतके कसे गेले? आधीच्या सहा वितींत तर काहीच चुकलं नव्हतं. कुठून बिघडायला लागलं ते पाहावं म्हणून मी लेस मागे सरकवत नेली. सहा वितींमध्ये खरोखर एक टाका चुकलेला नव्हता. आठ म्हणजे आठ. दोरा कुठं चिरलेला नाही. मला क्षणभर बरं वाटलं. आणि मग मला ते दिसलं.

उजव्या हातानं विणलेले खांब सुलट ओळीत एका बाजूला किंचित कललेले असतात. डाव्या हाताचे दुसऱ्या बाजूला. जाड दोऱ्यात ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, साठ नंबरच्या दोऱ्यात भिंगाशिवाय कोणाला दिसायचं नाही. माझ्या लेसमध्ये चार ओळी माझ्या होत्या. मग पंधरा ओळी डावीकडे कललेल्या. मग तीन माझ्या. मग पुन्हा वीस डाव्या. चाळीस मुलींच्या ढिगातून कोणती लेस कोणाची हे मी नाव न वाचता सांगायची. हा हात माझा नव्हता. हा हात माझ्या हातापेक्षा एकसारखा होता, संथ, घाई न करणारा.

मी उठून टीव्हीवरचा टेबलरुमाल आणला, गेल्या वर्षीचा. भिंगाखाली धरला. तोही तसाच. थोडा माझा, बराचसा दुसऱ्या कोणाचा.

घरात डावरं माणूस एकच होतं.

मी खुर्चीत बसले आणि समोर पाहिलं. आरशात मी दिसत होते, गळ्यात भिंग, हातात सुई. माझी सुई उजव्या हातात होती. आरशातल्या बाईची डाव्या.

 सहा वर्षं ती पोरगी माझ्याकडे पाठ करून आरशातून माझे हात पाहत होती. मी शेजारी बसवून जे शिकवलं नाही ते ती आरशातून उचलत होती, आणि मी तिला टोमणे मारत होते. मी झोपले की ती डबा उघडत असणार, माझी चूक शोधत असणार, तिथपर्यंत उसवून, मी जिथं पिन अडकवली होती तिथवर पुन्हा विणत असणार. दोन वर्षं. आणि मी बायकांपुढे मान खाली घालून हसत होते! मला इतकी लाज वाटली की मी घरात एकटी असून तोंडावर पदर घेतला. आणि त्या लाजेच्या आत कुठंतरी मला फार बरंही वाटत होतं. माझी इतकी काळजी कोणी घेतली असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मी माझ्या पेटीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. शाळेतलंच, अर्धं उरलेलं. जिथं जिथं तिचा हात सुरू होत होता तिथं एकेक लाल दोरा बांधला. संध्याकाळपर्यंत सव्वीस झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याची बस धरली. उन्हाच्या आत पोचावं म्हणून सहाची. डबा मांडीवर, भिंग पिशवीत. अकोल्याला पोचेस्तोवर तरी ऊन तापलंच होतं. अपेक्षानं दार उघडलं आणि दचकली.

"आई! फोन नाई, काई नाई? तब्येत बरी हाये ना?"

"पाणी दे आधी," मी म्हटलं.

नितेश कामावर गेला होता. तिनं मला कूलरपुढे बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला निघाली. मी म्हटलं, चहा राहू दे, बस. डबा उघडून मी लेस तिच्या पुढ्यात पसरली.

लाल दोरे पाहून तिचा चेहरा उतरला. लालदोऱ्या बाईची सून होती ती. लाल दोऱ्याचा अर्थ तिला सांगायला नको होता.

"माहं चुकलं, आई," ती हळूच म्हणाली. "तुमाले न इचारता हात लावला. मी सारं उसवून देतो. सोळा दिवस हायेत ना अजून?"

"पंधरा," मी म्हटलं. "आन उसवाचं नाई काई. ह्या तुह्या चुका नाईत, अपेक्षा. जिथं जिथं मी चुकली आन तू मले सावरलं, तिथं तिथं दोरा बांधला हाये. मोज. सव्वीस हायेत. आन हे एकाच लेसमंदी."

ती मोजायला गेली नाही. ती रडायला लागली. मीही. कूलरचा आवाज मोठा होता, बरं झालं.

"तुले समजलं कसं?" जरा वेळानं मी विचारलं. "माह्या डोळ्याचं?"

"गादी झटकतांना डॉक्टरचा कागद सापडला होता. मंग मी तुमचा डबा उघडून पायला."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती त तुमी सुई ठेवून देल्ली असती," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर तुमी विनतांनाच तेवढ्या खुश दिसता. मले वाटलं, दुपारी दोन तास त लागते. काय बिघडते?"

"आन भिंग काहून आनलं? भिंगातून मले सारं दिसलं असतं. तुहंही."

"मालूम होतं मले," ती म्हणाली. "पन मी इकडं अकोल्याले. मंग तुमचं कोन पायलं असतं?"

मी आयुष्यात फार माणसांचे आभार मानलेले नाहीत. शाळेत निरोप समारंभाला मानले, ते लिहून नेलेले होते. सुनेचे आभार मानायची तर आमच्याकडे रीतच नाही. पण त्या दिवशी मी तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. बोटाच्या पेरावर दोऱ्यानं पडलेला बारीक चरा होता. विणणारीच्या हाताला पडतो तसा. सहा वर्षांत मला तो दिसला नव्हता, आणि त्याला काही भिंग लागत नव्हतं.

"तुहे लय उपकार हायेत माह्यावर," मी म्हटलं. "दोन वर्षं तू मले लेसवाली ठेवलं. आन तुले एक खरं सांगतो. डाव्या हातानं लेस होत नाई असं मी म्हनत होती, ते खोटं होतं. डाव्या हाताले कसं शिकवाचं ते मलेच येत नव्हतं. एकतीस वर्षं पोरींले खोटं सांगतलं मी."

"आरशात पायलं का येते," ती डोळे पुसत म्हणाली. "नाईतर समोरासमोर बसलं का येते. शेजारी बसून नाई येत."

इतकं सोपं. समोरासमोर. एकतीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.

मी अमरावतीला परत गेले नाही. आम्ही दोघींनी माझ्या त्या वाकड्या दोन विती उसवल्या, आणि खालच्या गार फरशीवर समोरासमोर बसून तीन विती विणायला घेतल्या. ती स्वयंपाकात असली की मी विणायची, मला ऊन बाधलं की ती विणायची. मी गळ्यात भिंग घालून बसायची. सुरुवातीला मान अवघडायची, तासाभरानं डोळ्यांतून पाणी यायचं. मग अपेक्षानं पाटावर उशी ठेवून लेस वर उचलून दिली, दिवा डावीकडे सरकवला, आणि काम सुरळीत झालं. आठ म्हणजे आठ खांब, माझ्या डोळ्यांदेखत. नवीन लग्न झालेल्या पोरीसारखी मी आपल्याच टाक्यांकडे पाहत बसायची.

सव्वीस लाल दोरे आम्ही एकेक करून काढले. रीळ मी तिच्या हातात दिलं.

"आता माहं चुकलं का गुपचूप उसवाचं नाई. दोरा बांधाचा आन मले दाखवाचं."

"नाई वो आई, मी कशी बांधू?"

"कशी म्हंजे? गाठ मारून."

ती हसली आणि रीळ ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठले, भिंग लावलं, आणि सकाळच्या माझ्या सहा ओळी डावीकडे कललेल्या! पुन्हा तेच. मी तिला हाक मारून चांगली झापली. आता मला दिसतं, म्हटलं, आता चोरी चालायची नाही. ती पदरात तोंड लपवून हसत होती. पण दोरा काही तिच्यानं बांधवेना.

लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा शेवटची चार बोटं लेस उरली होती. मी विणत होते, ती समोर बसून पाहत होती. भिंग असलं तरी माणूस थकतोच. एकाएकी तिनं हात पुढे केला, लेस थांबवली, टोपलीतून लाल रीळ घेतलं आणि दोन ओळी मागे एक गाठ मारली.

"आई, इथं."

मी भिंग नेऊन पाहिलं. सात होते. मी उसवायला घेतलं. हातावर पट्टी खाल्लेल्या मुलीसारखं वाटायला हवं होतं मला. पण खरं सांगते, पाठीवरून कोणी हात फिरवावा तसं वाटलं.

लग्न वलगावच्या विहारात झालं. पिंकीच्या पदराला नऊ वीत लेस, पट्टीसारखी सरळ. वंदनेला उभं राहायची वेळ झाली तशी माझी भावजय पिन घेऊन माझ्याकडे आली, नेहमीप्रमाणे. सगळ्या बायका पाहत होत्या. मी अपेक्षाला पुढे ओढलं.

"हे लेस हिची हाये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. वर्गात बोलायचा आवाज अजून आहे माझा. "माही थोडी, हिची जास्त. पदर हेच टाचीन."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. अपेक्षाचे कान लाल झाले. तिनं पिन घेतली, आणि इतकी माणसं पाहून, सवयीनं, उजव्या हातात धरली.  पिंकीनं खांदा पुढे केला. पिन पदरात जाईना.

"अपेक्षा," मी म्हटलं.

तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून असं नुसतं "अपेक्षा" आलं की काय करायचं असतं ते तिला सहा वर्षं पाठ होतं. पण पिन तर उजव्याच हातात होती.

"तुह्या हातानं," मी म्हटलं.

तिनं पिन डाव्या हातात घेतली आणि एका दमात पदर टाचला. मी पिशवीतून भिंग काढलं, गळ्यात घातलं आणि सगळ्यांदेखत वाकून पाहिलं. सरळ बसला होता.